दोन डोस आणि चौदा दिवस

क्षमा रेगेचं पत्र मधुकर पेठ्यांना मिळालं ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि एप्रिल उजाडला तरी त्याला उत्तर गेलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं लिहिली त्याच्या हातून असं व्हावं याचं खुद्द पेठ्यांनाच नवल वाटत होतं. विमा कंपनीच्या कायदा खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं मसुदे लिहिले होते. साहेबांनी नुसतं 'नाही म्हणून कळवा' म्हणावं आणि पेठ्यांनी त्या नाहीला असा अंगरखा चढवावा, की पत्र मिळालेल्या माणसाला उलट आभार मानावेसे वाटावेत.

क्षमाचं पत्र मात्र अगदी उघडं होतं.

'मधुकरकाका, आईला जाऊन दोन महिने झाले. मला भांडायचं नाही, कोर्टातही जायचं नाही. एकच विचारायचंय. दोन डोस आणि वर चौदा दिवस झाल्याशिवाय कामाच्या बाईला आत घ्यायचं नाही, हा नियम सरकारचा होता की आपल्या सोसायटीचा? जिन्यात तुम्ही मला सरकारचा म्हणून सांगितलंत. तसं धरून मी मालनला नको ते बोलले. वेळेवर लस घेतली असतीस तर आई पडली नसती, असं म्हणाले. आता वॉर्ड ऑफिसात विचारलं तर ते म्हणतात, असा नियम आम्ही काढलेला नाही. नोटीस तुम्ही लिहिलीत, तुम्हालाच माहीत असणार. दोन ओळी लिहा. मालनच्या दारी जायचं की नाही ते मला त्यावर ठरवायचंय. – क्षमा.'

खाली घाटकोपरचा पत्ता होता. आई गेल्यावर क्षमा बोरिवलीचं, पेठ्यांच्याच सोसायटीतलं घर बंद करून भावाच्या शेजारी राहायला गेली होती.

पेठ्यांनी दर रविवारी उत्तर लिहायला घ्यावं. 'चि. क्षमा हिस अनेक आशीर्वाद' एवढं लिहावं आणि तिथेच थांबावं. आशीर्वाद कुठल्या तोंडाने द्यायचे? ते खोडून 'सप्रेम नमस्कार' लिहावं, तर ते एखाद्या वर्गणीच्या पत्रासारखं दिसे. मग पुढे परिस्थितीचं वर्णन, त्या दिवसांतली भीती, कमिटीवरचा ताण. पान भरत जाई आणि तिने विचारलेला प्रश्न पानाच्या तळाशी बसून त्यांच्याकडे बघत राही. शेवटी कागद चार घड्या करून शब्दकोशात जाई. शब्दकोश एव्हाना चांगलाच फुगला होता.

घडलं होतं ते असं. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये सगळीकडे सैल व्हायला लागलं. दुकानांच्या वेळा वाढल्या, हॉटेलं उघडली, आणि दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलने जायची परवानगी मिळाली. बाहेर दोर ढिला होत होता आणि 'शुभांकर' सोसायटीत मात्र तो आवळत होता. एवढे दिवस सांभाळलं ते आता घालवायचं का, असं जो तो दुसऱ्याकडे बघून म्हणे. आपला मास्क हनुवटीवर ठेवून समोरच्याला मास्क वर घ्यायला सांगणाऱ्यांची तर फौजच होती. त्यातच दुसऱ्या मजल्यावर पुन्हा एक रुग्ण निघाला. सोसायटीचा चेअरमन चंद्रप्रकाश तावडे पेठ्यांच्या दारात आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, बाहेरच्या बायका बंद करा थोडे दिवस. लिहा कायतरी कडक."

पेठ्यांनी लिहिलं. टेबलावर वर्तमानपत्र होतं, त्यात रेल्वेचा नियम चौकटीत छापला होता. दोन डोस, वर चौदा दिवस, प्रमाणपत्राची प्रत. कसा घोटीव, बिनफटीचा नियम. मसुदे लिहिणाऱ्या माणसाला असं वाक्य म्हणजे सोनाराला कसदार सोनं. त्यांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला, 'प्रवासी' या शब्दाच्या जागी 'घरकामगार' घातलं आणि एक सप्टेंबरपासून लागू म्हणून फाटकावर चिकटवला.

सोसायटीत येणाऱ्या बहुतेक बायकांचा एकच डोस झाला होता. दुसऱ्याला चौऱ्याऐंशी दिवस थांबावं लागे. त्यात मालन होती. क्षमाच्या आईला अर्धांग झाल्यापासून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मालन त्यांच्याजवळ असायची. त्यांना उचलणं, पुसणं, भरवणं, सगळं तिच्याकडे. नोटीस लागली आणि मालन फाटकाबाहेर राहिली. क्षमा बँकेत. तिला आधीच बिनपगारी रजा झाल्या होत्या. दोन डोसवाली दुसरी बाई मिळाली ती चार दिवसांत पळाली. मग क्षमा कामावर गेली की आई एकटी, मध्ये दुपारी शेजारच्यांची एक फेरी. एकवीस सप्टेंबरला म्हातारी पाणी घ्यायला म्हणून उठायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. दिवाळी झाली आणि ती गेली.

पेठ्यांनी मनाशी एक वाक्य पक्कं धरून ठेवलं होतं. तावडेने लिहायला लावलं. रोज सकाळी फिरायला जाताना ते वाक्य ते काठीसारखं सोबत नेत.

गुढीपाडव्याला सरकारने उरलेले सगळे निर्बंध उठवले. मास्कसुद्धा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दुसऱ्या दिवशी सोसायटीत निम्मी तोंडं उघडी दिसायला लागली, आणि दोन वर्षं एकमेकांवर टपून बसलेली माणसं एकमेकांना पुन्हा नव्याने कुरूप वाटायला लागली. पेठ्यांनी मास्क ठेवला. त्यांना तो पहिल्यापासूनच सोयीचा वाटे. निम्मा चेहरा झाकला की बोलायची निम्मी जबाबदारी कमी होते.

त्या आठवड्यात ते लिफ्टमध्ये शिरले आणि दार मिटायच्या आत एक पिशवी आत घुसली. पिशवीमागून मालन. तिसऱ्या मजल्यावरच्या केयूरकडे ती पोळ्या करायला लागली होती, हे पेठ्यांनी ऐकलं होतं. गेल्या सप्टेंबरनंतर समोरासमोर ते आजच.

"तोंडावरचं काढा की काका आता," मालन म्हणाली. "सरकारने सोडलंय. का तुमचा वेगळा कागद लागलाय?"

पेठे कसंनुसं हसले. मास्कमुळे ते तिला दिसलं नाही.

"बरी आहेस ना?"

"बरी नसून सांगतेय कोणाला?"

"पेशंटची कामं नाही करत हल्ली?"

"नाय. माणसाच्या अंगाला हात लावायचं सोडलं मी. पोळ्या लाटते. पोळी पडून मरत नाय."

लिफ्ट पहिल्या मजल्याच्या वर आली होती. पेठ्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं आणि नेमकं नको तेच नाव तोंडात आलं. "क्षमा..."

"तिचं नाव काढू नका." मालनने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पहाटे पाचला लाईन लावली मी चारकोपच्या सेंटरवर. तीन वेळा. तिन्ही वेळा लस संपली म्हणून पाठवून दिली. चौथ्या टायमाला भेटली. आणि ती म्हणते, आळस केलास. आजीचं गू-मूत काढलं मी तीन वर्षं, तेव्हा नाय दिसला आळस." ती थांबली. मग आवाज खाली आणून, जणू लिफ्टच्या पत्र्यालाच, म्हणाली, "पण ते डोक्यातून जात नाय. आधीच आणखी एक-दोनदा गेली असती तर? सरकारचा नियम, तो काय माझ्यासाठी थांबणार होता?"

तिसरा मजला आला. पेठ्यांनी तोंड उघडलं. मालन बाहेर पडली होती, पण तिने पायाने दार अडवून धरलं.

"तुम्ही कागद चिकटवत होता ना, तेव्हा मी फाटकातच उभी होते. सेलोटेप दाताने तोडत होता. बाजूला मी. एकदा मान वर करून बघितलं नाय तुम्ही."

दार मिटलं. पेठे चौथ्या मजल्यावर राहायचे. ते चौथ्या मजल्यावर उतरले आणि बराच वेळ आपल्याच दाराची बेल दाबायची विसरले.

दोन दिवसांनी तावडे आला. या वेळी उंबऱ्याबाहेर थांबला नाही, सरळ कोचावर बसला. साकीनाक्याला त्याचं प्लास्टिकच्या डब्यांचं वर्कशॉप होतं. माणसं हाताखाली वागवायची सवय त्याच्या बसण्यातसुद्धा होती. त्याने एक सरकारी लिफाफा टीपॉयवर टाकला.

"तुमच्या रेगेबाईंनी अर्ज ठोकलाय. सोसायट्यांच्या कचेरीत. कुठल्या आदेशाने बायकांना आत सोडलं नाही, कळवा म्हणतायत. सोमवारपर्यंत."

"माझ्या रेगेबाई कशा?" पेठे म्हणाले.

"मग काय माझ्या? पत्र तुम्हाला आलं होतं ना जानेवारीत? कुंडलिकने सांगितलं मला, वॉचमनला सगळं माहीत असतं. दोन ओळी खरडल्या असत्या गोडीगुलाबीच्या तर ही वेळ आली असती? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात." त्याने खिशातून दुसरा कागद काढला. "हे बघा. रविवारी मीटिंग लावतो. ठराव करू, की कोविडच्या टायमातल्या सगळ्या नोटिसा सरकारी आदेशाप्रमाणे होत्या. तुम्ही तुमच्या मराठीत लिहा, सही करा, कागद कचेरीत देऊन टाकू. खलास."

"पण तसा आदेश नव्हता."

"दोन वर्षांत पाचशे आदेश निघाले, पेठे. सकाळी एक, संध्याकाळी एक. कोण बसणारे मोजत?"

"क्षमाला ते उत्तर म्हणून जाईल."

"जाऊ दे की. ती गप बसेल, तुम्ही गप बसा. तसेही गपच असता." तावडे उठला. "तुमच्याच फायद्याचं सांगतोय."

तो गेल्यावर राधाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या कागदांना कधी हात लावला नव्हता. पण शब्दकोश झटकताना त्यातल्या घड्या त्यांच्या हाताला लागल्या होत्या.

"तुम्ही नेमके कोणाला भिता?" त्यांनी विचारलं. "तावडेला की त्या पोरीला?"

"मी योग्य शब्द शोधतोय."

"तीन महिने? भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागायलासुद्धा तुम्हाला मसुदा लागेल उद्या."

सभा रविवारी सकाळी दहाला खाली पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, वर लिहून-लिहून फाटलेली हजेरीची वही. अठ्ठावीस घरांतून सतरा सभासद आले, काहींच्या बायकाही, त्यांत राधाताई. कोणी मास्क लावलेले, कोणी न लावलेले, आणि दोन्ही टोळ्या आपसूकच वेगवेगळ्या बाजूंना बसलेल्या. पहिल्या विषयावर, पाण्याच्या टाकीवर, वीस मिनिटं आरडाओरडा झाला. मग तावडेने घसा खाकरला.

"विषय दोन. कोविड काळातल्या कमिटीच्या सगळ्या नोटिसा सरकारी आदेशाप्रमाणे होत्या आणि सभा त्यांना मंजुरी देते. सूचक नंदकिशोर. अनुमोदक कोण?"

"मी," मागून केयूर म्हणाला. "आणि चहा कधी येणार, तो विषय तीन ना?"

माणसं हसली. खजिनदार नंदकिशोरने नाव टिपून घेतलं. पेठे उभे राहिले. उभे राहताना खुर्ची मागे कलंडली, ती उचलून ठेवण्यात त्यांचा निम्मा धीर संपला.

"एक... दुरुस्ती आहे."

"मास्क काढून बोला, पेठे," तावडे म्हणाला. "दोन वर्षं तुमचं काय ऐकू आलं नाही."

पेठ्यांनी मास्क काढला. उघड्या तोंडाला एप्रिलची हवा गरम लागली. "एक सप्टेंबरची नोटीस सरकारी आदेशाप्रमाणे नव्हती. तो लोकल ट्रेनचा नियम होता. फाटकासाठी नव्हता."

"ट्रेनचा?" कोणीतरी विचारलं.

"म्हणजे काका," केयूर म्हणाला, "आमची बाई पास नाही म्हणून दीड महिना घरी बसली? तिकीट काढलं असतं ना यार आम्ही तिचं."

पुन्हा हशा. तावडे हसला नाही. तो टेबलावर दोन्ही हात टेकून पेठ्यांकडे बघत होता.

"सात महिन्यांनी आठवलं?"

"तुम्ही मला लिहायला लावलंत," पेठे म्हणाले. शेवटी एकदाचं ते वाक्य बाहेर आलं. इतके दिवस सोबत नेलेली काठी त्यांनी उगारली होती. "आणि तुमच्याकडे गणपतीत मांडववाले, केटरिंगवाले, अकरा माणसं लिफ्टने वर गेली. एकाचंही सर्टिफिकेट बघितलं नाही. वहीत नावं लिहू नको म्हणून कुंडलिकला सांगितलंत. खालच्या मजल्यावर ती म्हातारी एकटी पडून होती तेव्हा."

तावडेची बायको उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

"आली अकरा माणसं," तावडे म्हणाला. "मी नियम मोडला. लिहून घे नंदकिशोर, चेअरमनने नियम मोडला. ह्या बिल्डिंगमध्ये कोणी नाही मोडला? हात वर करा." हात कोणी वर केला नाही. "आता तुम्ही सांगा, पेठे. मी तुम्हाला काय म्हणालो होतो? शब्द सांगा. तुम्हाला शब्द बरोबर लक्षात राहतात."

पेठ्यांना ते लक्षात होते. "'बाहेरच्या बायका बंद करा थोडे दिवस.'"

"थोडे दिवस. बरोबर. त्यात दोन डोस होते? चौदा दिवस होते? सरकार होतं? वर काय लिहिलंत तुम्ही, 'शासनाच्या निर्देशानुसार'. मी सातवीत मराठीत गचकलेला माणूस. हा शब्द माझ्या तोंडात तरी मावतो का? मला पाहिजे होते आठ दिवस. तुम्ही असलं कुलूप ठोकलंत, की माझी चावी चालेना. बरं, ते सोडा. रेगेबाईंच्या पेशंटवाल्या बाईला सोडू म्हणून मी किती वेळा आलो तुमच्याकडे?"

पेठ्यांनी हातातल्या मास्कची घडी घातली.

"किती वेळा?"

"दोनदा."

"आणि काय म्हणालात?"

पेठ्यांना आठवलं. विसरले कधी होते? त्या दिवशी ते हे वाक्य बोलले तेव्हा त्यांना ते फार आवडलं होतं. आपल्याला असं ठाम बोलता येतं याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला होता. स्वतःच्या नावावर त्यांनी जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. बसमध्ये कोणी पायावर उभं राहिलं तर तेच पाय आवरून घेत. पण 'निर्देशानुसार' लिहिलं, की त्यांच्या पाठीशी अख्खं सरकार येऊन उभं राहायचं आणि मग त्यांना कोणाचीच भीती वाटत नसे.

"मी म्हणालो," पेठे म्हणाले, "अपवाद केला की नियम राहत नाही."

कोणी हसलं नाही. केयूरसुद्धा नाही.

"बसा खाली," तावडे म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "ह्या ठरावाने कोण वाचतंय ते कळलं ना? नोटिशीवर माझं नाव नाही. सही तुमची आहे. मी मरायला सगळ्यांची तोंडं धरून तुम्हाला झाकतोय, आणि तुम्ही माझे गणपती काढताय. ठराव मताला टाकतो. बाजूने?"

सोळा हात वर झाले. त्यात राधाताईंचा नव्हता, कारण सभासद म्हणून वहीत नाव फक्त पेठ्यांचं होतं.

"विरोधात?"

पेठ्यांनी हात वर केला. इतका थोडा, की नंदकिशोरला विचारावं लागलं, "वर आहे का तुमचा हात?"

"वर आहे. आणि इतिवृत्त मी लिहिणार नाही. सहीही करणार नाही."

"नंदकिशोर लिहील. नंदकिशोरच सही करील." तावडेने वही ओढून घेतली. "पुढचा विषय."

घरी आल्यावर राधाताईंनी पायांतल्या चपला न काढताच विचारलं, "तो म्हणाला ते खरं? दोनदा आला होता?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

पेठ्यांनी मास्क खुंटीला अडकवला.

"रोज दुपारी त्यांच्याकडे एक चक्कर मी टाकत होते," राधाताई म्हणाल्या. "पडल्या त्या दिवशी मला यायला उशीर झाला, म्हणून मी सात महिने स्वतःला खातेय. आणि तुम्ही शेजारी बसून माझं रडणं ऐकत होता. मला वाटायचं, माझा नवरा भित्रा आहे. भित्रा असतात तर बरं झालं असतं."

त्या आत गेल्या. दुपारी त्यांनी ताट वाढून टेबलावर ठेवलं आणि स्वतः हॉलमध्ये जाऊन जेवल्या.

पेठ्यांनी जेवण झाकून ठेवलं आणि कागद घेतला. शब्दकोशातल्या घड्या काढून पाहायची त्यांना गरज वाटली नाही. तिथे भीती होती, ताण होता, काळ कठीण होता. सगळं खरंच होतं, आणि क्षमाने त्यातलं काहीच विचारलं नव्हतं. मायना काय घालायचा यावर मात्र ते अजूनही अडले. अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी तो घातलाच नाही.

'क्षमा,

नियम सरकारचा नव्हता. चेअरमनचाही नव्हता. रेल्वेचा नियम उचलून मी तो फाटकावर लावला आणि वर सरकारचं नाव घातलं. तो माझा होता. मालनला आत सोडावं असं तावडे मला दोनदा म्हणाले होते, मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. त्या वेळी तुझी आई दुपारी एकटी असते हे मला माहीत होतं.

मालनने लस घ्यायला उशीर केला नव्हता. तीनदा तिला रांगेतून परत पाठवलं होतं. हे तिने मला परवा सांगितलं, म्हणजे मी तिला आधी कधी विचारलंच नव्हतं. आई पडली ती आपल्यामुळे, असं तिला वाटतं. तिने आजाऱ्यांची कामं सोडली आहेत. सकाळी ती आपल्या बिल्डिंगमध्ये केयूरकडे असते.

आज सभेने वेगळा ठराव केला आहे. कचेरीला तो जाईल. हे पत्र तू त्यांना दाखवावंस. मला विचारलं तर मी नाही म्हणणार नाही.

जानेवारीत उत्तर दिलं नाही, त्याला कारण नाही.

मधुकर पेठे'

'क्षमस्व' लिहावं का, हा विचार मनात आला. मग वाटलं, तो शब्दही पत्राच्या शेवटी शोभून दिसावा म्हणूनच सुचतोय. तो त्यांनी लिहिला नाही, आणि आपण बरोबर केलं की चूक, हे त्यांना कळलं नाही.

सोमवारी दहा वाजता ते निघाले. फाटकाशी तावडे गाडीत बसत होता. पेठ्यांच्या हातातलं पाकीट त्याने पाहिलं.

"कुठे?"

"पोस्टात."

"तिला?"

"हो."

तावडेने गाडीचं दार अर्धं उघडं ठेवलं. "लेखी दिलंत की संपलं, पेठे. उद्या ती वकील करेल. मग मी ओळखत नाही तुम्हाला. सोसायटीचा एक पैसा मिळणार नाही वकिलाला."

"मला माहीत आहे."

"वय काय तुमचं?"

"शहात्तर."

"शहात्तराव्या वर्षी शहाणपण सुचतं माणसाला," तावडे म्हणाला आणि दार आपटून निघून गेला. कुंडलिक स्टुलावर बसून होता. एरवी तो पेठ्यांना बघून उठायचा. आज उठला नाही.

पोस्टात चार माणसं पुढे होती. दोन वर्षांपूर्वी जमिनीवर रंगवलेले पिवळे गोल पुसट झाले होते आणि त्यांत कोणी उभं राहत नव्हतं. पेठ्यांच्या मागचा माणूस जवळजवळ त्यांच्या पाठीवर रेलला होता. "सरका ना पुढे, काका," तो म्हणाला. पेठे सरकले.

"साधं की रजिस्टर?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"रजिस्टर. पोच पाहिजे."

"मग पोचेचं कार्ड भरा. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता. सोसायटीकडून आहे का?"

"नाही," पेठे म्हणाले. "माझ्याकडून."

त्यांनी कार्ड भरून दिलं. बाईने पाकीट वजनाला लावलं, त्यावर शिक्का मारला आणि न बघता मागच्या पोत्यात टाकलं.